ढाक्याची वाट : जनरल जेकब आणि १९७१ चे युद्ध

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर काढलेला एक फोटो भारतात घरोघरी ओळखीचा आहे. साध्या लाकडी टेबलापाशी दोन सेनापती बसले आहेत. एक पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी. ते कागदावर सही करीत आहेत. दुसरे भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, डोक्याला फेटा बांधलेले. मागे अधिकाऱ्यांची रांग उभी आहे, आणि त्या रांगेत उजव्या टोकाला एक ज्यू अधिकारी आहे. त्याचे नाव मेजर जनरल जॅक फराज राफेल जेकब.

समाजातल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी पुष्कळजण त्या डिसेंबरात मुंबईत होते. रात्रीचा ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद आणि रेडिओभोवती जमलेली चाळ त्यांना आठवत असेल. तरुण मुलांना लष्कराची ओळख त्साहलमधून आहे, पण या युद्धाचे नाव पुष्कळांनी ऐकलेलेही नसते. हा पाठ दोघांसाठी आहे. लढाई कशी जिंकली गेली ते त्यात सांगितले आहे. शिवाय एक अवघड प्रश्नही आहे: जिंकल्यानंतर श्रेय कोणाचे?

जेकब कोण होते?

जेकब यांचा जन्म कलकत्त्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे बगदादचे, म्हणजे ते बगदादी ज्यू. ते बेने इस्राएल नव्हते आणि त्यांची मातृभाषा मराठी नव्हती, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. भारतातल्या ज्यूंमध्ये बेने इस्राएल, कोचीनचे ज्यू आणि बगदादी असे वेगवेगळे समाज आहेत, आणि प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे.

बेने इस्राएलांचे लष्कराशी नाते याहून जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना समाजी हसाजी दिवेकर असेही म्हणत, टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत कैद झाले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, ते शाआर हाराहमीम. पुढच्या काळात व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन भारतीय नौदलात मोठ्या पदाला पोचले. जेकब या दोघांच्या समाजातले नव्हते, पण भारताच्या सैन्यात मानाने वाढलेल्या ज्यूंच्या मालिकेतच त्यांचे नाव येते.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या ज्यूंवर होणाऱ्या अत्याचारांच्या बातम्या कलकत्त्यापर्यंत येत होत्या. त्या ऐकून जेकब १९४१ साली सैन्यात दाखल झाले. वडिलांचा विरोध होता, तरी ते मागे फिरले नाहीत. तोफखान्यातले अधिकारी म्हणून त्यांनी ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्धची लढाई पाहिली. १९७१ साली ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. विभागाचे प्रमुख जनरल अरोरा. जेकब त्यांच्या हाताखाली. योजना आखणे, रसद जमवणे आणि चारी दिशांच्या फौजांचा मेळ घालणे हे जेकब यांचे काम होते.

युद्ध कशामुळे पेटले?

त्या वेळी पाकिस्तानचे दोन तुकडे होते, पश्चिम आणि पूर्व. मधे सगळा भारत. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडच्या शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळाले, पण सत्ता त्यांच्या हाती दिली गेली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठात, वस्त्यांत माणसे मारली गेली. पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित सरहद्द ओलांडून भारतात आले. ज्यांच्या घरात निर्वासितपणाच्या आठवणी आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बंगाली सैनिक, पोलीस आणि विद्यार्थी मिळून मुक्तिवाहिनी उभी राहिली. भारताने तिला आसरा, शस्त्रे आणि शिक्षण दिले.

पहिला निर्णय : थांबणे

एप्रिलमध्ये दिल्लीत अनेकांना वाटत होते की भारताने लगेच सैन्य आत घुसवावे. सरसेनापती जनरल सॅम माणेकशॉ यांनी त्याला नकार दिला. जेकब यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, माणेकशॉ यांचा विचारणा करणारा फोन आल्यावर त्यांनीही हेच सांगितले: पूर्व विभागाकडच्या बऱ्याच फौजा डोंगरात लढण्यासाठी तयार केलेल्या होत्या, नद्यांवर पूल टाकण्याचे सामान पुरेसे नव्हते आणि पावसाळा तोंडावर आला होता. नोव्हेंबरच्या मध्याआधी तयारी होणार नाही.

कारणे साधी होती. बंगालचा पावसाळा म्हणजे गुडघाभर चिखल आणि पात्र सोडून पसरलेल्या नद्या. रणगाडा रुतला की तो शत्रूचे आयते लक्ष्य होतो. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणजे चीनकडून होणारा धोकाही कमी होतो. मधल्या महिन्यांत त्रिपुरासारख्या दुर्गम भागात रस्ते केले गेले आणि दारूगोळा, इंधन, धान्य यांचे साठे केले गेले.

घाईत असलेल्या वरिष्ठांना “आत्ता नाही” असे सांगणे सोपे नसते. होकार देऊन पुढे सैनिकांचे जीव घालवणारे अधिकारी इतिहासात कमी नाहीत. खरे काय ते लढाईआधी सांगावे, हा या पाठातला पहिला धडा.

नकाशा वाचणे

पूर्व पाकिस्तानचा नकाशा समोर घेतला तर ढाका जवळजवळ मधोमध दिसते, आणि तिन्ही बाजूंना मोठ्या नद्या. पश्चिमेकडून यायचे तर पद्मा ओलांडावी लागते, वायव्येकडून यायचे तर जमुना, पूर्वेकडून यायचे तर मेघना. या नद्यांचे पाट काही ठिकाणी इतके रुंद आहेत की पलीकडचा काठ नीट दिसत नाही. उत्तरेकडची वाट मात्र थोडी सोपी होती. तिथे जुन्या ब्रह्मपुत्रेचे पात्र ओलांडले की टांगाईलमार्गे ढाक्याला रस्ता जात होता.

नियाझी यांनी ठरवले होते की सरहद्दीजवळची मोठी गावे किल्ल्यांसारखी मजबूत करायची आणि तिथे शत्रूला अडवून ठेवायचे. जशोर, हिली, बोगरा, जमालपूर अशा ठिकाणी खंदक, बंकर आणि तोफा उभ्या राहिल्या. हिशोब असा की भारतीय फौज एकेका गावापुढे अडकून पडेल, आणि तेवढ्यात संयुक्त राष्ट्रसंघ युद्धबंदी घडवून आणेल.

भारतीय योजनेतले मुख्य तत्त्व याच हिशोबावर घाव घालणारे होते. भक्कम गावे घ्यायचीच नाहीत. त्यांना वळसा घालायचा, त्यांच्या मागचे रस्ते आणि पूल तोडायचे आणि पुढे सरकायचे. मागे राहिलेला किल्ला मग आपोआप निरुपयोगी होतो, कारण त्याच्याकडे रसद येत नाही आणि त्याला कोणाला अडवताही येत नाही.

जेकब यांच्या म्हणण्याप्रमाणे दिल्लीच्या योजनेत खुलना आणि चितगाव या बंदरांवर जास्त भर होता, आणि अखेरचे लक्ष्य ढाकाच असले पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला. ढाका पडले की सगळा देश पडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्व अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी ही हकीकत जशीच्या तशी मान्य केलेली नाही. त्याविषयी पुढे येईल.

तेरा दिवस

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिम भारतातल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला उघड तोंड लागले. ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशाला मान्यता दिली. ७ तारखेला जशोर पडले.

वळसा घालायचे तत्त्व जिथे पाळले गेले नाही, तिथे किंमत मोजावी लागली. हिली येथे समोरून हल्ला झाला. २२ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू झालेली ती लढाई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालली आणि दोन्ही बाजूंचे खूप सैनिक कामी आले. बंकरमध्ये घट्ट बसलेल्या शत्रूवर सरळ चालून जाणे किती महाग पडते, ते हिलीने दाखवून दिले.

पूर्वेकडे लेफ्टनंट जनरल सगतसिंग चौथ्या कोअरचे प्रमुख होते. गोवेकर मंडळींना हे नाव ठाऊक असेल. १९६१ साली ज्या पॅराशूट ब्रिगेडने पणजी गाठली, तिचे ते ब्रिगेडियर होते. ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी आशुगंजजवळचा मेघनेवरचा पूल उडवला. पुलाशिवाय एवढी मोठी नदी ओलांडता येणार नाही, असा कोणाचाही समज झाला असता. सगतसिंगांनी हेलिकॉप्टरांनी सैनिक पलीकडे उतरवायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी आपल्या होड्या आणल्या आणि माणसे व सामान पार नेले. नकाशावरची सर्वात मोठी अडचण अशा रीतीने काही दिवसांत मागे पडली.

जमालपूर, टांगाईल आणि मराठे

उत्तरेकडून निघालेली फौज सर्वात लहान होती, पण ढाक्याला पहिली तीच पोचली. तिच्या वाटेत जमालपूर हे किल्ल्यासारखे गाव होते. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तर आले, आणि त्या कागदासोबत बंदुकीची गोळी होती.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण गावाला वळसा घालून दक्षिणेला, टांगाईलच्या रस्त्यावर दबा धरून बसली. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी गाव सोडून निघाली आणि थेट त्यांच्यावर आदळली. सकाळपर्यंत जमालपूरचा निकाल लागला होता. मराठा लाइट इन्फंट्रीत महाराष्ट्रातल्या गावागावांतून जवान भरती होतात, आणि तिचे केंद्र बेळगावला आहे.

११ डिसेंबरला दुपारनंतर टांगाईलजवळ आकाशात छत्र्या उघडल्या. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण पुंगली पुलाजवळ उतरली. उत्तरेकडून मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची ढाक्याची वाट रोखणे हे तिचे काम होते. ही पलटणही मुळात जुन्या मराठा पलटणीतूनच तयार झालेली. दुसऱ्या दिवशी जमालपूरहून आलेल्या मराठ्यांनी तिला पुलापाशी गाठले. त्या भागात मुक्तिवाहिनीचे कादर सिद्दीकी आणि त्यांचे लोक आधीपासून लढत होते. वाटा, गावे आणि शत्रूच्या हालचाली त्यांना माहीत होत्या. त्यांच्याशिवाय परक्या मुलखात छत्रीने उतरणे म्हणजे अंधारात उडी मारणे ठरले असते.

तीस मिनिटे

युद्धाचे घड्याळ न्यूयॉर्कमध्येही चालू होते. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव येत होते आणि सोव्हिएत युनियन नकाराधिकार वापरून ते अडवत होते. अमेरिकेचे एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले होते. ढाका पडण्याआधी युद्धबंदी झाली असती, तर निर्वासितांचा प्रश्न तसाच राहिला असता.

१४ डिसेंबरला भारतीय विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर बाँब टाकले आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. १६ तारखेच्या सकाळी मेजर जनरल गंधर्व नागरा यांची फौज ढाक्याच्या वेशीवर, मीरपूर पुलापाशी येऊन थांबली. त्याच सकाळी माणेकशॉ यांनी जेकब यांना ढाक्याला जाऊन शरणागती घेण्यास सांगितले. जेकब आपल्याबरोबर शरणागतीच्या कागदाचा मसुदा घेऊन हेलिकॉप्टरने निघाले.

नियाझी यांच्या मुख्यालयात काय झाले, ते जेकब यांनी सविस्तर लिहिले आहे. नियाझी यांची कल्पना होती की युद्धबंदी होईल आणि त्यांची फौज संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली परत जाईल. जेकब यांनी मसुदा वाचून दाखवला. खोलीत शांतता पसरली. जेकब यांनी सांगितले की सही केली तर सैनिक, त्यांची कुटुंबे आणि अल्पसंख्याक यांचे जिनिव्हा करारानुसार रक्षण केले जाईल. नाही केली तर लढाई पुन्हा सुरू होईल, आणि मग पुढची जबाबदारी त्यांची राहणार नाही. विचाराला तीस मिनिटे देऊन ते बाहेर आले.

जेकब यांच्या आकड्यांप्रमाणे ढाक्यात नियाझी यांच्याकडे २६,४०० सैनिक होते, आणि भारताचे सुमारे ३,००० सैनिक शहराच्या आसपास होते. नियाझी यांनी हट्ट धरला असता तर लढाई आणखी कित्येक दिवस चालली असती. जेकब बाहेर फेऱ्या घालत होते, चेहऱ्यावर काही दिसू नये याची काळजी घेत होते. अर्ध्या तासाने ते आत गेले, तेव्हा मसुदा टेबलावर तसाच पडला होता. त्यांनी मान्य आहे का असे विचारले. उत्तर आले नाही. त्यांनी ते मौन होकार म्हणून धरले.

त्याच दुपारी जनरल अरोरा कलकत्त्याहून आले आणि रमना रेसकोर्सवर, हजारो लोकांसमोर सह्या झाल्या. बांगलादेशाच्या फौजेतर्फे ग्रुप कॅप्टन ए. के. खंदकर हजर होते. सुमारे ९३,००० जण कैदी झाले. त्यात सैनिकही होते आणि नागरिकही. बांगलादेश स्वतंत्र झाला. नियाझी यांनी अरोरांच्या हाती दिलेले पिस्तूल जेकब यांनी नंतर तपासले. ते नीट साफ केलेलेही नव्हते, म्हणून ते नियाझींचे स्वतःचे नसावे, असे त्यांनी नोंदवले आहे.

श्रेय कोणाचे?

ज्यू समाजात कधीकधी म्हटले जाते की बांगलादेशाचे युद्ध एका ज्यू जनरलने जिंकले. अभिमान वाटणे साहजिक आहे. पण अभिमान खरा ठरायचा असेल तर तो तपासून घ्यावा लागतो.

या युद्धाची सर्वात तपशीलवार हकीकत जेकब यांनी स्वतः लिहिली, ‘सरेंडर ॲट ढाका’ या पुस्तकात. ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात माणेकशॉ आणि अरोरा यांच्या निर्णयांवर टीकाही आहे. पण माणेकशॉ यांनी वेळ मागून घेतला नसता तर योजना कागदावरच राहिली असती. सगतसिंगांनी मेघना ओलांडली नसती तर पूर्वेकडची वाट बंद राहिली असती. नागरा वेशीवर पोचले नसते तर जेकब यांच्या शब्दांना वजन आले नसते. मुक्तिवाहिनीने नऊ महिने शत्रूला थकवले नसते, आणि सामान्य बंगाली माणसाने होडी आणली नसती, तर तेरा दिवसांत काहीच झाले नसते.

तरीही जेकब यांचा वाटा कमी होत नाही. नियाझी यांनीही पुढे आपल्या पुस्तकात जेकब यांनी धमकावल्याचा आरोप केला. म्हणजे त्या खोलीत दबाव कोणी आणला, याविषयी दोन्ही शत्रूंची साक्ष जुळते. अर्ध्या तासात कदाचित ढाक्यातले हजारो जीव वाचले, दोन्ही बाजूंचे. एकट्याने युद्ध जिंकल्याचा दावा केला तर तो खोडता येतो. ढाक्यातला रक्तपात टाळायला मदत केली असे म्हटले तर ते टिकते, आणि त्याचे मोलही जास्त आहे.

जेकब १९७८ साली निवृत्त झाले. पुढे ते गोव्याचे आणि नंतर पंजाबचे राज्यपाल होते. १३ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि तिथल्या ज्यू कब्रस्तानात त्यांना मूठमाती देण्यात आली. जेरुसलेमच्या ॲम्युनिशन हिल येथील मानाच्या भिंतीवर २०१९ साली त्यांचे नाव लावले गेले. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांनी ते शोधावे.

शब्दार्थ

रसद – सैन्याला लागणारे अन्न, इंधन, दारूगोळा
पलटण – सैन्याची तुकडी, सुमारे सात-आठशे जवानांची
वळसा घालणे – समोरून न जाता बाजूने फिरून पुढे जाणे
दबा धरणे – लपून वाट पाहणे
कामी येणे – लढाईत मरण येणे
मसुदा – सहीपूर्वी तयार केलेला कागद
शरणागती – हार मानून शस्त्रे खाली ठेवणे
नकाराधिकार – ठराव अडवण्याचा हक्क
मूठमाती देणे – दफन करणे

प्रश्न

१. एप्रिल १९७१ मध्ये लगेच युद्ध करू नये, याची तीन कारणे सांगा.
२. ढाक्याच्या भोवतीच्या नद्यांचा नकाशा काढा. उत्तरेकडची लहान फौज आधी का पोचली, ते नकाशावर दाखवा.
३. हिली आणि जमालपूर या दोन लढायांत काय फरक होता?
४. नियाझी यांच्या मौनाला जेकब यांनी होकार मानले. हे योग्य होते का? वर्गात दोन गट करून बोला.
५. एखादा माणूस स्वतःच्या पराक्रमाची हकीकत सांगतो, तेव्हा ती कशी तपासावी?

घरी करायचे काम

आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना १९७१ च्या डिसेंबरविषयी मराठीत विचारावे. ते कुठे होते, रेडिओवर काय ऐकले, घरात काय बोलले जात होते? दहा ओळी मराठीत लिहून आणाव्यात. सांगणाऱ्याला तारीख आठवली नाही तर ती भरू नये. जे आठवते तेवढेच, त्यांच्याच शब्दांत लिहावे. पुढच्या वर्गात सगळ्यांच्या ओळी एकत्र वाचल्या जातील, आणि कोणाच्या आठवणी जुळतात, कोणाच्या नाहीत, ते पाहिले जाईल.